तळ्यातली गल्ली

आमचे हे दारू पीत नव्हते, पत्ते कुटत नव्हते, कुणाच्या अध्यात नव्हते की मध्यात नव्हते. खोड एकच. रोज उजाडलं की तळ्यावर जाऊन पोहायचं. माझी आई म्हणायची, "चांगलं आहे की, अंघोळीचं पाणी तापवायला नको." तिला काय माहीत! त्या पोहण्यानं माझ्या डोक्याला जो ताप दिला, तो दहा दारुड्यांनी मिळून दिला नसता.

पनवेलात तळ्यांना तोटा नाही. आमच्या आळीमागचं तळं त्यातलं लहानच, पण खोल. पावसाळा सरला की त्यात कमळवेलींचं असं रान माजायचं की म्हशीसुद्धा काठावरूनच पाणी पिऊन परत फिरायच्या. मग दिवाळी झाली की पोहणारे पुरुष विळे घेऊन उतरायचे आणि आपल्या घाटापासून समोरच्या पायऱ्यांपर्यंत, भिंतीच्या कडेकडेनं, एक पट्टा साफ करायचे. रुंदी म्हणाल तर दोन माणसं शेजारून जेमतेम जातील एवढी. एका अंगाला शेवाळलेली भिंत, दुसऱ्या अंगाला वेली. त्याला सगळे गल्ली म्हणायचे.

आता एवढ्याशा गल्लीत सात-आठ बाप्ये सकाळी सकाळी हातपाय मारणार म्हटल्यावर रीत हवीच. आणि रीत होती हो, आमच्या घरात नसेल एवढी होती! प्रत्येकानं आपल्या डाव्या अंगानं जायचं, म्हणजे जाताना भिंतीला धरून आणि येताना वेलींना धरून. मध्ये थांबायचं नाही. चूळ भरायची नाही. कुणाला पाय लागला तर नमस्कार काठावर आल्यावर करायचा, पाण्यात नाही. कारण एकदा गणू शिंप्याचा पाय देवळातल्या गुरवांना लागला, तो भर पाण्यात थांबून हात जोडायला लागला आणि मागचे तिघं त्याच्यावर येऊन आदळले. एकाचा दात पडला.

सगळ्यात मोठी रीत पुढं जायची. पुढचा माणूस हळू असला तर मागच्यानं त्याच्या टाचेला एकदा हात लावायचा. बस. पुढच्यानं समजायचं, टोकाला पोचलं की कडेला उभं राहायचं आणि ज्यानं हात लावला त्याला वाट द्यायची. हात न लावता, उलट्या अंगानं घुसून पुढं जाणं म्हणजे पंगतीत दुसऱ्याच्या पानातलं उचलून खाण्यासारखं. तसं कुणी केलं नव्हतं.

ह्या टाचेच्या हातानंच आमचा घात केला.

आमच्या ह्यांचे थोरले भाऊ, भगवानदादा, त्याच गल्लीत पोहायचे. दोघे भाऊ बैलगाडीची चाकं करायचे. बापाच्या वेळचा कारखाना होता, चांगला चालला होता. पण दादांच्या मुलीचं लग्न निघालं आणि घरचं आमंत्रण दादांनी कारखान्यातल्या गड्याच्या हाती धाडलं. सख्ख्या भावाला! दादा म्हणाले, मी धावपळीत होतो, घरच्या माणसाला कसलं आमंत्रण? हे म्हणाले, घरचा होतो तर गडी कशाला धाडलात? शब्दानं शब्द वाढला. लग्नात नवरी-नवरा सगळ्यांच्या पाया पडत होते, त्याच मांडवात आमचे हे सगळ्यांदेखत ओरडले, "आजपासून ह्यांच्या पायाला हात लावीन तर बापाचं नाव लावणार नाही!"

झालं. कारखान्याच्या मधे कूड घातला. चाकावर तापवलेल्या लोखंडी पट्टीची धाव चढवायची तर दोन बळकट माणसं लागतात, म्हणून कुडाच्या अलीकडं एक गडी, पलीकडं एक गडी. बोलणं बंद. ते बंद ते बंदच.

पण तळं काही वाटून घेता येईना. मी सांगून बघितलं, "तुम्ही जरा उशिरा जात जा."

"का? तळं काय त्यांच्या बापाचं आहे?"

"त्यांचा नि तुमचा बाप एकच होता," मी म्हटलं. दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

तर असं चाललं सात वर्षं. दादा आधी उतरायचे, हे मागून. आधी उतरा म्हटलं तर म्हणायचे, "मोठा भाऊ काठावर उभा असताना मी आधी उतरू? लोक काय म्हणतील?" बघा आता, बोलायचं नाही, पण मान राखायचा. आमचे हे वयानं लहान, अंगानं चपळ, चार हात मारले की दादांना गाठायचे. आणि गाठलं की अडकायचे. बाकीचे लोक दादांच्या टाचेला हात लावून खुशाल पुढं जायचे. ह्यांनी हात लावायचा म्हणजे शपथ मोडायची. दादा दुसऱ्याला वाट द्यायला टोकाला उभे राहिले की त्याच्याबरोबर तुम्हीही सटका, असं त्यांच्याबरोबर पोहणारा दादू भोईर म्हणायचा. तर नाही. "दुसऱ्याच्या हातावर मी का जाऊ?" म्हणून हे आपले दादांच्या दोन टाचा बघत, गोगलगायीसारखे, गल्लीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. सात वर्षं! मी बायकांच्या घाटावर धुणं आपटत हे सगळं बघायची आणि जो राग यायचा तो लुगड्यांवर काढायची. माझी लुगडी फार लवकर विरायची.

त्या वर्षी दिवाळीनंतर गल्ली साफ झाली आणि एक नवीनच तऱ्हा सुरू झाली. दादा फारच हळू पोहायला लागले. आधीही काही वारा नव्हते, पण आता तर हात टाकायचे, थांबल्यासारखे व्हायचे, मग दुसरा हात. घाटावरची पोरंसुद्धा हसायची. हे घरी यायचे ते धुमसतच.

"मुद्दाम करतोय," एका संध्याकाळी ताटावर बसून म्हणाले. "माझा अंत बघतोय. मी कंटाळून हात लावावा आणि सगळ्या पनवेलानं बघावं, काशीराम भावाच्या पायाशी आला."

"मग लावा की हात. टाचेलाच लावायचाय, डोकं नाही टेकायचं."

"तू गप्प बस."

"मी गप्प बसून काय होणार? सात वर्षं बडबडतेय तरी काही होत नाही."

त्यांनी भाकरी ताटात ठेवली. "उद्या मी पुढं जाणार. हात न लावता. उलट्या अंगानं."

माझ्या हातातली पळी थांबली. "अहो, रीत मोडणार? गल्लीतून काढतील तुम्हाला."

"काढू देत. पण उद्या त्याला माझ्या टाचा दिसल्या पाहिजेत."

त्यांचा चेहरा असा झाला होता की मी पुढं बोलले नाही. आणि मी बोलले नाही म्हणजे बघा काय चेहरा असेल.

दुसऱ्या दिवशी थंडी मरणाची होती. पाण्यावर वाफ धरली होती. मी घाटावर पोचले तेव्हा बाकीचे पुरुष आटपून निघाले होते. दादू भोईर तेवढा पुरुषांच्या घाटावर पंच्यानं अंग पुसत बसला होता. गल्लीत दोघंच. पुढं दादा, मागं आमचे. समोरच्या पायऱ्यांकडं चालले होते.

माझ्या जाऊबाई, रंभावहिनी, आधीच येऊन बसल्या होत्या. आम्ही दोघी घाटावर बोलायचो, बरं का. घरी गेलं की आमचाही अबोला, नवऱ्यांसाठी. पण घाट काही कुणाच्या घरात नव्हता. त्या दिवशी वहिनींच्या पुढ्यात धुण्याचा पिळा तसाच पडला होता. त्यांचं सगळं लक्ष पाण्याकडं.

"वहिनी, आज गंमत बघा," मी लुगडं भिजवत म्हटलं. "आज आमचे तुमच्यांच्या पुढं जाणार. रागानं नुसते पेटलेत."

वहिनी गर्रकन वळल्या. "पुढं? कसे? हात लावून?"

"छे हो. उलट्या अंगानं, तसेच."

"मैना, नको," त्यांनी माझा ओला हातच धरला. "त्यांना सांग, नको म्हणावं. मागंच राहा म्हणावं."

"अहो, रीत मोडली म्हणून एवढं काय घाबरायचं?"

"रीत गेली खड्ड्यात! ह्यांच्या छातीत कळ येते गं. दसऱ्यापासून. डॉक्टरांनी पाण्यात पाऊल घालायचं नाही म्हणून सांगितलंय. हात टाकतात नि थांबतात, ते बघतेस ना तू? कळ जाईपर्यंत थांबतात."

म्हणजे सगळा घाट ज्याला हसत होता, माझा नवरा ज्याच्यासाठी भाकरी टाकून उठला होता, ते हे होतं!

"मग तुम्ही येऊ कसं देता त्यांना?"

"ऐकतात का माझं? कुणाला सांगशील तर बघ म्हणाले."

मी पाण्याकडं बघितलं. दोघं समोरच्या पायऱ्यांना शिवून परत फिरले होते. आता येताना वेली त्यांच्या डाव्या हाताला. दादा वेलींच्या अगदी कडेनं येत होते, एक हात, मग थांबणं, मग दुसरा हात. हे त्यांच्या टाचांपाशी. आणि मला दिसलं, ह्यांनी अंग उजवीकडं काढलं. भिंतीच्या बाजूला.

"अहो!" मी ओरडले. "अहो, नको!"

कान पाण्यात असलेल्या माणसाला काय ऐकू जाणार? मी लुगडं तिथंच टाकलं आणि पळाले. बायकांचा घाट आणि पुरुषांचा घाट ह्यांच्या मधे कठडा होता, आणि त्या कठड्यापलीकडं बाईनं पाऊल टाकायचं नाही, हीसुद्धा एक रीतच. तो कठडा मी कशी चढले मला माहीत नाही. दादू पंचा सावरत उभा राहिला.

"काय झाला वयनी? तुमी इकरं कशा?"

"ह्यांना हाक मार! थांबव त्यांना!"

"काशीरामदादा! ओ काशीरामदादा!" दादूनं दोन्ही हात तोंडाशी धरून हाक दिली. त्याचा आवाज खाडीवर ह्या काठावरून त्या काठाला जायचा. पण आमचे तेव्हा असे काही पाणी तोडत होते की स्वतःच्या पाण्याच्या आवाजाशिवाय त्यांना दुसरं काही ऐकू येत नव्हतं. दादांच्या खांद्याला आले, डोक्याला आले, आणि पुढं गेले. सात वर्षांत पहिल्यांदा पुढं गेले.

मी गुडघाभर पाण्यात उतरून दोन्ही हात हलवत होते. श्वास घ्यायला त्यांनी तोंड वर काढलं तेव्हा मी त्यांना दिसले. नक्की दिसले. आणि त्यांना काय वाटलं असेल? बायको इथंही भांडायला आली! त्यांनी डोकं पाण्यात घातलं आणि आणखी जोरात हात मारायला लागले.

त्यांच्या मागं दादांचा एक हात वर आला. तो पुढं पडलाच नाही. तसाच, उभ्याचा उभा, पाण्यात गेला. वेली हलल्या. मग हलायच्या थांबल्या.

माझ्या मागून वहिनींची किंकाळी आली.

लग्न झाल्यापासून मी नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं. उखाण्यात घेतलं असेल तेवढंच, तेही लाजत. त्या दिवशी मी बेंबीच्या देठापासून ओरडले, "काशीराम! मागं बघ, काशीराम!"

नुसत्या नावानं त्यांना हाक मारणारी दोनच माणसं होती. एक सासूबाई, त्या कधीच गेल्या. आणि एक दादा. आमचे हे भर गल्लीत थांबले. मान वर काढली, माझ्याकडं बघितलं, आणि मग मागं वळले. मागं गल्ली रिकामी होती.

क्षणभर त्यांना कळलंच नाही. ते भिंतीकडं बघत होते, समोरच्या पायऱ्यांकडं बघत होते. मी वेलींकडं हात करून किंचाळत होते. दादूनं तोवर पंचा फेकून, भिंतीच्या खाचेतला विळा उचलून उडी मारली होती. मग ह्यांनी बुडी घेतली.

वर आले. हात रिकामे. पुन्हा गेले. पाणी स्वच्छ करायचं असतं ते गल्लीपुरतं, वेलींखाली काळोखच. नंतर, बऱ्याच दिवसांनी, ह्यांनी मला सांगितलं की दुसऱ्या बुडीत त्यांच्या हाताला पहिलं लागलं ते दादांचं पाऊल. आणि हात आपोआप मागं आला. "विस्तव लागल्यासारखा मागं आला गं," म्हणाले. "सात वर्षांची सवय." मग त्यांनी तेच पाऊल दोन्ही हातांनी घट्ट पकडलं आणि ओढलं. पण दादांच्या मांडीला नि कमरेला वेलींचे पीळ बसले होते. दादूनं खाली जाऊन विळ्यानं ते कापले. मी काठावर उभी राहून नुसते बुडबुडे बघत होते. वहिनी कठड्याला धरून होत्या. देवाचं नाव घ्यायचं, तर मला एकाही देवाचं नाव आठवेना.

तिघं एकदमच वर आले. दादांची मान ह्यांच्या खांद्यावर पडली होती. ओठ निळे.

घाटावर आडवं केलं. दादूनं त्यांना पालथं करून पाठीवर दाब द्यायला सुरुवात केली. तोंडातून पाणी आलं, आणखी आलं, पण श्वास येईना. हे बाजूला गुडघ्यांवर बसून नुसते, "दादा, ओ दादा," म्हणत होते. सात वर्षं तोंडातून न निघालेला शब्द आता थांबत नव्हता. वहिनी दादांचे तळवे चोळत होत्या. मी माझा पदर सोडून त्यांच्या अंगावर घातला. कोण बघतंय ह्याची तेव्हा कुणाला शुद्ध होती! दादू दाबत होता, सोडत होता, दाबत होता. त्याच्या कपाळावरून एवढ्या थंडीत घाम गळत होता.

"दादू, राहू दे आता," घाटावर जमलेल्यांपैकी कुणीतरी हळूच म्हणालं.

"गप रं!" दादू ओरडला. "मी सांगतंय ना, अजून ऊब हाय!"

आणि दादा खोकले. केवढं पाणी पडलं, आणि त्यामागून असा घोगरा श्वास आला की वहिनींनी ते तळवे कपाळाला लावले. आम्ही त्यांना कुशीवर वळवलं. कुणी घोंगडी आणली, कुणी डॉक्टरांकडं पळालं. बऱ्याच वेळानं दादांनी डोळे उघडले. पहिल्यांदा त्यांनी वहिनींकडं बघितलं नाही. आमच्या ह्यांना शोधलं.

"पुढं का गेलास?"

माझं तर डोकंच फिरलं. म्हटलं, बघा, मरणाच्या दारातून परत आला तरी ह्या माणसाला गल्लीची रीत सुटत नाही! ह्यांचाही चेहरा पुन्हा तसाच ताठ व्हायला लागला. ओल्या अंगानं थडथडत होते, पण म्हणाले, "सात वर्षं तुमच्या टाचा बघत पोहलो मी. एकदा गेलो पुढं. तेही तुम्ही मुद्दाम मला अडवून धरताय असं वाटलं म्हणून."

"पुढं का गेलास रे काशी," दादा पुन्हा म्हणाले. आवाजात भांडण नव्हतंच. लहान मूल विचारतं तसं विचारत होते. "तू मागं असतोस म्हणून तर मी उतरत होतो."

ह्यांना काही समजेना. त्यांनी वहिनींकडं बघितलं.

"रोज सांगायची मी, उतरू नका म्हणून," वहिनी म्हणाल्या. "डॉक्टर नको म्हणालेत, छातीत कळ येते, कशाला जाता? तर म्हणायचे, काशी असतो की माझ्या मागं. दोन हातांवर असतो. मला काय होतंय?"

आणि मग आमचा हा एवढा थोरला गडी, जळतं लोखंड चाकावर चढवणारा, भर घाटावर, ओल्या लंगोटानं, सगळ्या आळीसमोर, ओक्साबोक्शी रडायला लागला. दादा घोंगडीतून एक हात काढून त्यांच्या पाठीवर थापटत होते आणि "अरे, झालं ते झालं," म्हणत होते. लोक बघत होते. मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले आणि एक शब्द बोलले नाही.